समिधासाठी चार तलंगा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज अंडं एकच. चार कोंबड्या पोसायच्या, त्यांची घाण काढायची, कणी निवडून घालायची, आणि अंडं एकच. बोडकी म्हातारी झाली. लंगडी खुडूक होऊन बसलीय, अंडी घालणं बंद, हात लावला की फुगते. तांबडी मनात आलं तर घालते. काळी तेवढी इमानाने घालते, पण बाकीच्या तिघींना टोचून हैराण करते. पतपेढीने दिलेली ही डायरी वर्षभर कोरी पडली होती. घरात बोलून काही उपयोग नसतो, म्हणून आजपासून इथे लिहिते.

समिधाला सहावा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारायचं काय? आमच्या राई गावात गरोदर पोरीला रोज एक गावठी अंडं आणि बाळंतिणीला गावठी कोंबडीचा रस्सा, हे मी लहान असल्यापासून बघतेय. दुधासाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. बाजारातली पांढरी कोंबडी मी माझ्या लेकीला घालणार नाही. म्हणून हिशेब साधा आहे. म्हाताऱ्या रश्श्याला, आणि अंड्यांसाठी चार तलंगा आणायच्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली पोरसवदा कोंबडी. आता आणल्या की फेब्रुवारीत बाळंतपणाच्या वेळी बरोबर अंड्यावर येतील. उत्तनचा राघो द्यायला तयार आहे.

यांना सांगितलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, बघू. गोदीतून रिटायर झाल्यापासून या माणसाचं सगळं बघूवरच चाललंय.

८ नोव्हेंबर, शनिवार

आठवड्याची अंडी कोंड्यात खोवून डबा भरला आणि यांना जेसल पार्कला पाठवलं. समिधा लग्न होऊन तिकडे गेली तरी गेली कुठे, स्टेशनच्या पूर्वेला. पण आमच्या घरात जणू परदेशी गेल्यासारखं वागतात सगळे. डबा परत आला तो धुऊन, पुसून, वर थेपले भरून. हेमालीबेन, म्हणजे समिधाच्या सासूबाई, रिकामा डबा कधी पाठवत नाहीत, हे मी कबूल करते. यांनी उभ्याउभ्याच चार थेपले खाल्ले.

लग्नाच्या वेळी आम्ही आडवे आलो नव्हतो. राज चांगला मुलगा, बँकेत समिधाच्याच शेजारी बसणारा. घर गुजराती, शुद्ध शाकाहारी. मी हेमालीबेनना एवढंच सांगितलं होतं, की माझ्या पोरीच्या खाण्यावर बंधन नको. त्या म्हणाल्या होत्या, अपनी रसोई में नहीं, बाकी जो चाहे खाए. म्हणून समिधा अंडी गॅलरीत छोट्या शेगडीवर उकडते. तिनेच सांगितलंय.

रात्री फोन केला. ती म्हणाली, "आई, अंडी मस्त होती." दर शनिवारी हेच वाक्य. कशी केलीस विचारलं तर उकडून. मी म्हटलं, रोज काय उकडून, कधी पोळा कर, कधी रस्सा कर. हो म्हणाली आणि राजला चहा द्यायचाय म्हणून फोन ठेवला. राज स्वतःचा चहा स्वतः करतो, मी डोळ्यांनी पाहिलंय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तलंगांवरून पुन्हा वाजलं. यांची कारणं लिहूनच ठेवते. एक, जागा नाही. परसात आंब्याखाली चार काय, चौदा मावतील. दोन, मागच्या नव्या बिल्डिंगवाले ओरडतील. कोंबडा नाही तर ओरडतील कशाला? तीन, रोगराई. चार, मुंगूस. मी एकेकाला उत्तर दिलं तर म्हणाले, "कशाला पण गिरिजा? आहेत त्या पुरे की." आहेत त्या पुरत नाहीत, हे डबा वाहून नेणाऱ्या माणसाला मी सांगायचं. कोंबड्यांचं एक काम करत नाहीत आणि नको म्हणायला पुढे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शेजारच्या गोदूबाई सत्तरी ओलांडलेल्या, पण कोंबड्यांचं त्यांना विचारल्याशिवाय गावात कुणी काही करत नाही. त्या म्हणाल्या, एकदम चार आणू नको, आधी माझी एक तलंग नेऊन बघ. दिवे लागल्यावर खुराड्यात सोडायची, म्हणजे सकाळी उठल्यावर जुन्यांना वाटतं ही आपलीच. काल रात्री मी तसंच केलं.

सकाळी दार उघडलं तर काळीला काहीच वाटलेलं नव्हतं. तिने त्या पोरीला कोपऱ्यात गाठलं होतं, तुऱ्यातून रक्त. मी पोरीला बाहेर काढलं, पाणी ठेवलं, तर काळी पाण्यावर उभी. दाणे टाकले तर काळी दाण्यांवर. ती बिचारी आंब्यामागे जाऊन बसली. दुपारी मी मुद्दाम वेगळी वाटी घेऊन गेले, तर खाईना. हातावर घेतलं, चोच उघडून घातलं, तरी बाहेर टाकलं.

गोदूबाई बघून गेल्या. म्हणाल्या, "तुझी काळी हाय तवर नवी टिकायची न्हाय. तिला वाटतंय, सगळा परस तिचाच हाय." मी म्हटलं, काळी वाईट नाही, तिला फक्त शिस्त हवी असते. त्या माझ्याकडे बघून हसल्या. कशाला ते कळलं नाही.

मनात एक वाईट विचार आला तो लिहून टाकते. समिधाचं तिकडे असंच तर होत नसेल? गोड बोलून कोपऱ्यात बसवलेलं. मागच्या महिन्यात हाताची हाडं दिसत होती. विचारलं तर म्हणाली, उलट्या होतात. उलट्या सगळ्यांनाच होतात.

गोदूबाईंची तलंग संध्याकाळी परत केली. चार तलंगांचं काय करावं ते सुचत नाही.

७ डिसेंबर, रविवार

आज समिधाची ओटी भरली. त्यांच्यात याला खोळो भरणं म्हणतात. आठ दिवसांनी कमुरता लागतात, मग महिनाभर शुभकार्य नाही, म्हणून आजच उरकलं. हॉल छान, जेवण छान. समिधा हिरव्या साडीत इतकी सुंदर दिसत होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हेमालीबेनना तोंडावर विचारलं, आता कधी पाठवताय? त्या म्हणाल्या, हमारे में तो आज के बाद लड़की पियर ही जाती है. पियर म्हणजे माहेर. मग समिधाच मध्ये पडली, की आई, अजून ऑफिस आहे, डॉक्टर इथला आहे, बघू. बापाचा बघू लेकीने उचललाय.

जेवण झाल्यावर तिच्या बिल्डिंगमध्ये गेलो. गेटवर वॉचमनची बायको धावत आली आणि माझ्या पाया पडली. "माँजी, आप ही अंडेवाली माँजी हैं ना? दीदी हर शनिवार पूरा डब्बा देती हैं. मेरी बच्ची की तबीयत बन गई." समिधा पुढे लिफ्टपाशी होती, तिने ऐकलं नाही. यांनी ऐकलं, पण चपलेचा पट्टा नीट करत बसले.

येताना बसमध्ये विचार करत होते. पूरा डब्बा ही बोलायची पद्धत झाली, चार-पाच देत असेल. माझ्या पोरीचा हात लहानपणापासून सैल. मी बालवाडीत शिकवायचे आणि ही माझ्याच वर्गात होती, तेव्हाही आपला खाऊ वाटून मोकळी. दुसऱ्याची पोर बघून हिला स्वतःच्या तोंडात घास घालवत नसेल. म्हणजे अंडी कमी पडतात ती अशी. आता मला कुणी शहाणपण शिकवू नका. चार नाही, सहा आणायच्या. तिचंही होईल आणि त्या पोरीचंही.

हे मी यांना सांगितलं तर हे राई येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

९ डिसेंबर, मंगळवार

राघोला फोन करून सहा सांगितल्या. तो म्हणाला, चांगल्या हव्या तर संक्रांतीनंतर देतो, पाच महिन्यांच्या भरतील, घरी आल्या की अंड्यावर. तेही बरं. काळीसाठी आंब्याखाली जाळी मारून वेगळं खुराडं करायचं. यांना जाळी आणा म्हटलं. बघू.

२८ डिसेंबर, रविवार

जाळी अजून आली नाही. समिधाला फोन केला, की निदान सुट्टीचे चार दिवस तरी ये. तर म्हणते, "आई, कमुरतात निघत नाहीत आमच्यात."

आमच्यात. तीन वर्षांत पोरगी त्यांच्यात गेली आणि आम्ही आपले डबे भरतोय. मी म्हटलं, बरं, संक्रांत झाली की मी स्वतः न्यायला येते. ती म्हणाली, "अंडी मस्त होती." या शनिवारी अंडी पाठवलीच नव्हती. लंगडीनंतर तांबडीही खुडूक झाली, थंडीत काळीनेही घालणं थांबवलं आणि डबा रिकामाच राहिला. गरोदरपणात विसरायला होतं.

१६ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत झाली. आज मी दिवस ठरवायला फोन केला आणि समिधा म्हणाली, ती येणार नाही. बाळंतपण तिकडेच. मी कारण विचारलं तर दवाखाना जवळ, राजला रजा नाही, इथे डास. डास! ती याच डासांत मोठी झाली. मी बोलायचं ते सगळं बोलले. शेवटी म्हणाली, "आई, प्लीज," आणि फोन ठेवला.

माझी खात्री आहे, त्या बाईने कान भरलेत. गोड बोलणारी माणसं आतून अशीच. मी आज जेवले नाही. यांनी ताट वाढून आणलं ते झाकून ठेवलंय. मला कोंबड्यांचा, परसाचा, सगळ्याचा वीट आलाय. ही खोली रंगवून घेतली, पाळण्याला कडी ठोकून घेतली, ते कुणासाठी?

१७ जानेवारी, शनिवार

हेमालीबेनना फोन लावला. भांडायचंच ठरवून. त्यांनी मला बोलू दिलं, सगळं. मग म्हणाल्या, "गिरिजाबेन, मैं तो उसकी बैग भर के बैठी हूँ. वो खुद ना बोलती है. मेरे को बोली, मम्मी रोज अंडा खिलाएगी, चिकन खिलाएगी, मेरे से होगा नहीं, और मम्मी को ना बोलने का मेरे में ताकत नहीं."

मला कळेना. मी म्हटलं, होगा नहीं म्हणजे? त्यांना वाटलं होतं मला माहीत आहे. समिधाने लग्नानंतर वर्षाच्या आत सगळं सोडलं. अंडं, मटण, मासे, सगळं. त्यांनी सांगितलं म्हणून नाही. त्या उलट म्हणाल्या होत्या की खा बाई बाहेर. तिचं तिनेच सोडलं, आता तर वासानेही उलटी होते.

आणि अंडी? अंडी खरोखरच पूरा डब्बा खाली वॉचमनकडे जात होती.

मी फोन ठेवला आणि यांच्याकडे बघितलं. माणूस तीस-बत्तीस वर्षं समोर असला की चेहऱ्यावरून कळतं. मी म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. हे म्हणाले, गेल्या वर्षापासून. तिने शपथ घातली होती. मी म्हटलं, मग दर शनिवारी डबा घेऊन कशाला जात होतात, वॉचमनसाठी? सांगायला काय झालं होतं?

हे म्हणाले, "तुला नाय कोण म्हणणार गिरिजा? मला तरी कधी जमलं?"

आवाज चढवून नाही, अगदी साध्या आवाजात म्हणाले. त्याचाच जास्त राग आला.

१८ जानेवारी, रविवार

मी असं काय केलं ते मला कुणी सांगावं. मारलं? कोंडलं? पोरीला खायला घालणं हा गुन्हा झाला. माझी आई माझ्या बाळंतपणात ताट संपेपर्यंत समोर बसून राहायची. मला काही सगळं आवडायचं असं नाही, पण खाल्लं. बोंबील सोडले! कोळ्यांच्या घरात जन्मून ही पोरगी बोंबील सोडते आणि मला कळू देत नाही.

सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलं. यांनी, तिने, राजने, त्या वॉचमनच्या बायकोनेही.

संध्याकाळी काळीने बोडकीला दाण्यांवरून हाकललं. मी काळीला झाडूने हाणलं. मग वाईट वाटलं. तिला काय कळतंय.

१९ जानेवारी, सोमवार

राघोला नको म्हणून सांगायचं राहूनच गेलं. तो सकाळी सहाही तलंगा डालग्यात घालून दारात हजर. मी म्हटलं, परत ने, माझ्याकडे आता खाणारं कुणी नाही. तो वैतागला, एवढ्या लांबून रिक्षात आणल्या म्हणून. तेवढ्यात हे बाहेर आले आणि म्हणाले, दोन ठेव.

नोव्हेंबरपासून नको नको करणारा माणूस. मी म्हटलं, कोण खाणार? हे म्हणाले, "मी. घरात अंडं बघून वर्ष झालं. सगळी डब्यात जातात आणि डबा मीच वाहतो." राघो हसला. मला हसू येत नव्हतं, पण दोन ठेवल्या. एक राखाडी, एक ठिपक्यांची. दुपारी हे स्वतः बाजारात जाऊन जाळी घेऊन आले आणि आंब्याखाली ठोकून बसवली. तिरकी बसलीय. काळी अलीकडे, त्या दोघी पलीकडे. काळी दिवसभर जाळीला चोच मारून दमली.

अडीच महिने यांना विचारत होते, कोंबड्या आणायच्या की नाही. अंडं खाता का, हे विचारलंच नव्हतं.

२० जानेवारी, मंगळवार

आज जेसल पार्कला गेले. एकटी, हातात काही न घेता. बसमध्ये सारखं वाटत होतं की काहीतरी घरी विसरलंय.

समिधाने दार उघडलं आणि मला बघून घाबरली. माझी पोर मला बघून घाबरली. हेमालीबेन पाणी देऊन आत निघून गेल्या, त्या शहाण्या आहेत. समिधा पलंगावर बसली, मी खुर्चीवर. पोट चांगलंच मोठं दिसत होतं. ती रडायलाच लागली. म्हणाली, आधी घरात होत नाही म्हणून खाणं सुटलं, मग मनातूनच गेलं. तुला सांगणार होते, दर शनिवारी सांगणार होते, पण तू म्हणाली असतीस की त्यांची झालीस.

मी म्हटलं, म्हणाले असते. खोटं कशाला बोलू?

मला राग आला होता, आणि तिचे पाय सुजलेले दिसत होते, आणि दोन्ही एकाच वेळी सहन होत नव्हतं. मी खाली बसून तिचे पाय चोळायला घेतले. तिने ओढून घेतले नाहीत.

मी म्हटलं, तुला नाही म्हणता येत नाही, हा सगळा घोळ त्याचा आहे. बालवाडीत मी पहिल्या दिवशी पोरांना तेच शिकवायचे, नको असेल तर नको म्हणायचं. तू तर माझ्याच वर्गात होतीस, तुझंच कसं राहिलं? चल, आता मी विचारते. अंडं खातेस?

"आई, काय हे."

"खातेस का?"

"नाही."

"कोंबडीचा रस्सा?"

"नाही."

"बोंबील? ताजे, रव्यात तळलेले."

इथे ती जरा थांबली. पोरगी शेवटी आमचीच. मग मान हलवून म्हणाली, "नाही." आवाज आता बरा निघत होता, डोळे पुसून झाले होते, आणि माझ्याकडे सरळ बघत होती. मला माझ्या वर्गातली पोरं आठवली नाहीत, काही नाही. मला फक्त पुढचा प्रश्न दिसत होता.

"बाळंतपणाला माझ्याकडे येतेस?"

मी तिचा पाय धरून बसले होते आणि आयुष्यात इतकी घाबरले नव्हते, कारण नाही म्हणायला मीच तिला आत्ता शिकवलं होतं.

"येते," ती म्हणाली. "पण तू रोज विचारणार, आई. मला माहितीय."

"विचारणार," मी म्हटलं. "तू रोज नाही म्हण."